चिनी विधींचा वाद
चिनी कॅथलिकांनी पूर्वजांना व कन्फ्यूशसला वंदन करावे की नाही, यावरून सतराव्या-अठराव्या शतकांत झालेला धर्मशास्त्रीय वाद. इटालियन जेझुइट मात्तेओ रिच्ची (१५५२–१६१०) गोव्यात काही वर्षे राहून १५८२ मध्ये मकावला पोहोचला. चिनी विद्वानांचा वेश व अभिजात ग्रंथांचा व्यासंग स्वीकारून त्याने हे विधी निव्वळ आदराचे मानले. डोमिनिकनांना त्यांत मूर्तिपूजा दिसली. सम्राट कांग्शीने १७०० मध्ये जेझुइटांच्या बाजूने निर्वाळा दिला. तरी पोप अकराव्या क्लेमेंटने विधी निषिद्ध ठरवले. हा निर्णय दुर्दैवी होता, कारण पितरांना विन्मुख झालेल्या माणसाला चिनी कुटुंबात स्थान उरत नसे. संतप्त कांग्शीने १७२१ मध्ये धर्मप्रसारावर बंदी घातली. रोमने आपला निषेध १९३९ मध्ये, बाराव्या पायसच्या काळात शिथिल केला.