कूल-एड कोणी प्यायलं?

परवा कॉन्फरन्स कॉलवर एका नव्या फ्रेमवर्कवरून चर्चा चालली होती. चर्चा म्हणजे काय, सगळ्यांनी वा वा करायचं. मी आपली एक बारीकशी शंका काढली. त्यावर पलीकडून आवाज आला, "ही हॅजन्ट ड्रंक द कूल-एड यट!" सगळे हसले. मीही हसलो. अप्रेझल जवळ आलं की आपल्याला सगळेच विनोद कळतात :)

या वाक्प्रचाराचा अर्थ तुम्हाला ठाऊक असेलच. एखाद्या नेत्याच्या, विचाराच्या किंवा कंपनीच्या इतकं आहारी जायचं की स्वतःचं डोकं चालवणंच बंद. आपण मराठीत ज्याला नंदीबैल म्हणतो, तोच प्रकार. पण यात कूल-एड कुठून आलं, ते शोधायला शनिवारी सकाळी बसलो आणि दुपारचं जेवण काही गोड लागलं नाही.

कूल-एड म्हणजे अमेरिकेतलं रसना म्हणा ना. पाकीट फोडा, पाण्यात साखर घालून ढवळा, की सरबत तयार. नेब्रास्का राज्यातल्या एडविन पर्किन्स नावाच्या गृहस्थांनी १९२७ साली ते काढलं. लहान मुलांचं पेय. त्याचा आंधळ्या भक्तीशी संबंध आला तो १८ नोव्हेंबर १९७८ या दिवसामुळे.

जागा दक्षिण अमेरिकेतला गयाना देश. आपल्याला तो क्रिकेटमुळे माहीत. गावसकरने पहिलं कसोटी शतक १९७१ मध्ये तिथल्याच जॉर्जटाऊनला काढलं. त्या देशाच्या ऐन जंगलात जिम जोन्स नावाच्या अमेरिकन धर्मगुरूने एक वसाहत उभारली होती, जोन्सटाऊन. त्याच्या पंथाचं नाव पीपल्स टेंपल. १९५०च्या दशकात इंडियानापोलिसमध्ये सुरू झालेला हा पंथ पुढे कॅलिफोर्नियात गेला. गोरे-काळे एकत्र बसतील, म्हाताऱ्यांची काळजी घेतली जाईल, कुणी उपाशी राहणार नाही, असं तिथे सांगितलं जाई, आणि सुरुवातीला त्यातलं बरंचसं होतही होतं. म्हणूनच लोक आले. त्यात बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. मूर्ख नव्हते हो ते. ज्यांना बाहेरच्या जगात कुणी विचारत नव्हतं, त्यांना इथे कुणीतरी विचारलं होतं.

१९७७ मध्ये लोक मोठ्या संख्येने गयानाला गेले. तिथे पोहोचल्यावर पासपोर्ट काढून घेतले गेले. भोवती जंगल, पहाऱ्यावर बंदूकवाले. मध्यरात्री लाऊडस्पीकरवरून सगळ्यांना जमवायचं, शत्रू आले म्हणून सांगायचं, पेल्यातून काहीतरी पाजायचं, आणि मग 'विष नव्हतं, तुमची परीक्षा होती' असं जाहीर करायचं, हेही तिथे घडलेलं आहे.

तक्रारी अमेरिकेत पोहोचल्या, तेव्हा लिओ रायन नावाचे खासदार स्वतः पाहणी करायला आले. पंधरा-सोळा जण त्यांच्याबरोबर परत निघाले. जवळच्या धावपट्टीवर जोन्सच्या माणसांनी गोळीबार केला. रायन यांच्यासह पाच जण जागीच गेले. तिकडे वसाहतीत एका पिंपात द्राक्षाच्या चवीचं सरबत कालवलं गेलं आणि त्यात सायनाइड. जोन्सटाऊनमध्ये त्या दिवशी ९०९ माणसं मेली. धावपट्टीवरचे पाच आणि जॉर्जटाऊनमधले चार धरून ९१८.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्यायलं कोणी?

मेलेल्यांत तीनशेहून जास्त मुलं होती. सुरुवात त्यांच्यापासूनच झाली. तान्ह्या बाळांच्या तोंडात सिरिंजने विष सोडलं गेलं. बाळ काय आहारी जाणार? आणि पोटचं पोर डोळ्यांसमोर गेल्यावर, चहूबाजूंनी हत्यारबंद माणसं उभी असताना, आईने जो पेला घेतला त्याला 'स्वखुशी' म्हणायचं का? काही जण नक्कीच विश्वासाने प्यायले. पण सगळे नव्हेत.

त्या शेवटच्या सभेची सुमारे ४४ मिनिटांची टेप उपलब्ध आहे. तिच्यात क्रिस्टीन मिलर नावाची बाई उठून जोन्सला विचारते की, आपण रशियाला का जाऊ शकत नाही? मुलांना जगायचा हक्क आहे, असं ती त्याच्या तोंडावर सांगते. जमाव तिला गप्प बसवतो. तीही त्या दिवशी मेली. म्हणजे जिने भर सभेत शंका काढली, तीसुद्धा आपल्या वाक्प्रचाराच्या हिशेबात 'कूल-एड प्यायलेली'!

आणखी एक उपरोध म्हणजे, पिंपातलं सरबत मुख्यतः फ्लेवर एड नावाच्या दुसऱ्याच स्वस्त ब्रँडचं होतं. पण नाव चिकटलं ते कूल-एडला. नव्वदच्या दशकात डॉटकॉमची लाट आली आणि हा शब्द ऑफिसांत रुळला.

तुम्ही म्हणाल, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? आपणही मॅच हरलो की 'पानिपत झालं' म्हणतो, आणि १७६१ मध्ये तिथे किती माणसं गेली ते आठवत नाही. खरंय. काळ गेला की शब्दावरचं रक्त वाळतं. पण एक फरक आहे. 'ध चा मा' घ्या. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्याची ती दंतकथा. खरी-खोटी कशी का असेना, तिच्यात बोट अक्षर बदलणाऱ्याकडे जातं. नारायणरावाला कोणी हसत नाही. कूल-एडमध्ये मात्र जोन्स गायब आहे. पिंप कोणी भरलं ते गायब आहे. उरतो तो पिणारा, आणि त्याला हसायचं.

ओळख न पटलेले किंवा कुणी न नेलेले चारशेहून अधिक मृतदेह कॅलिफोर्नियात ओकलंडच्या एव्हरग्रीन दफनभूमीत एकत्र पुरले आहेत. २०११ मध्ये तिथे सगळ्यांच्या नावांच्या शिळा बसवल्या.

असो. फ्रेमवर्कबद्दलची माझी शंका आणि क्रिस्टीन मिलरची शंका यांची तुलना करणं शुद्ध वेडेपणा होईल. पण सोमवारी पुन्हा कॉल आहे. कोणी कूल-एड म्हणालंच, तर या वेळी मला हसू येणार नाही. नंदीबैल म्हणा हवं तर, तो निदान कुणाच्या मरणावर उभा नाही.