ममी ब्री

ममी ब्री हा हॅलोवीनच्या मेजवानीत वाढला जाणारा, भाजलेल्या चीजचा एक पदार्थ आहे. ब्री किंवा कॅमेम्बर्ट या मऊ फ्रेंच चीजची अखंड चकती घेऊन तिच्याभोवती पफ पेस्ट्रीच्या अरुंद पट्ट्या आडव्यातिडव्या गुंडाळतात आणि ती ओव्हनमध्ये भाजतात. पट्ट्यांच्या फटीत दोन डोळे बसवले की चकतीला कापडात गुंडाळलेल्या ममीचे रूप येते. हा पदार्थ मुख्य जेवणाआधी, गरम असतानाच, पाव, बिस्किटे किंवा सफरचंदाच्या फोडींबरोबर खातात. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन या देशांत तो विशेष परिचित आहे.

पदार्थाचे रूप गमतीचे असले, तरी तो साधणे प्रामुख्याने तीन गोष्टींवर अवलंबून असते: चीज किती मुरलेले आहे, त्याचे कवच अखंड आहे की नाही आणि भाजण्यापूर्वी ते पुरेसे थंड केले आहे की नाही. मऊ चीजमधून होऊ शकणाऱ्या जिवाणूसंसर्गामुळे गर्भवती स्त्रिया, वृद्ध आणि आजारी व्यक्तींना तो देताना विशेष काळजी घ्यावी लागते.

नाव आणि मूळ प्रकार

पिठाच्या आवरणात भाजलेल्या ब्रीला फ्रेंच भाषेत 'ब्री आँ क्रूत' म्हणतात. 'आँ क्रूत' म्हणजे 'कवचात' किंवा 'आवरणात'. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा प्रकार अमेरिकेतील घरगुती मेजवान्यांमध्ये लोकप्रिय झाला. ममी ब्री हे त्याचेच सणासाठी बदललेले रूप आहे. मूळ प्रकारात चीज पेस्ट्रीच्या अखंड पोळीत पूर्ण झाकले जाते. ममी ब्रीमध्ये पोळीऐवजी पट्ट्या वापरल्या जातात आणि त्यांच्यामध्ये फटी राहतात. हा फरक केवळ सजावटीचा नाही. फटींच्या जागी वितळलेले चीज अडवून धरण्याचे काम पेस्ट्रीऐवजी चीजच्या स्वतःच्या कवचाला करावे लागते.

पार्श्वभूमी

ब्री हे चीज पॅरिसच्या पूर्वेकडील ब्री या प्रदेशात उगम पावले. 'ब्री द मो' आणि 'ब्री द मलाँ' या त्याच्या दोन प्रकारांना फ्रान्समध्ये १९८० साली उगमस्थानाशी निगडित नावाचे संरक्षण मिळाले. १८१४-१५ मधील व्हिएन्ना परिषदेच्या वेळी ब्रीला 'चीजचा राजा' ठरवण्यात आले, अशी आख्यायिका सांगितली जाते. पारंपरिक ब्री द मोची चकती सुमारे ३६ सेंटिमीटर व्यासाची असते. घरगुती भाजणीसाठी ती फार मोठी असल्याने बाजारात मिळणाऱ्या लहान चकत्या वापरतात. नॉर्मंडी प्रांतातील कॅमेम्बर्टची चकती साधारण ११ सेंटिमीटर व्यासाची आणि २५० ग्रॅम वजनाची असते. म्हणून तीही सोयीची ठरते.

हॅलोवीन हा सण ३१ ऑक्टोबरला साजरा होतो. १ नोव्हेंबर या ख्रिस्ती 'सर्व संतांच्या दिवसा'ची ती पूर्वसंध्या आहे. आयर्लंड व स्कॉटलंडमधील सॅविन या हंगामबदलाच्या जुन्या केल्टिक सणाशी त्याचा संबंध जोडला जातो. एकोणिसाव्या शतकात आयरिश आणि स्कॉटिश स्थलांतरितांबरोबर हा सण उत्तर अमेरिकेत रुजला.

ममी मात्र या सणात बाहेरून आली. प्राचीन इजिप्तमधील अंत्यसंस्कारांचा हॅलोवीनशी काहीही संबंध नाही. हॉवर्ड कार्टर यांनी नोव्हेंबर १९२२ मध्ये तुतनखामेनची कबर शोधल्यावर पाश्चात्त्य देशांत ममींविषयी मोठे कुतूहल निर्माण झाले. पुढे १९३२ साली बोरिस कार्लोफ यांची भूमिका असलेला 'द ममी' हा भयपट प्रदर्शित झाला. अशा चित्रपटांमुळे पट्ट्या गुंडाळलेली ममी भुते, चेटकिणी आणि सांगाडे यांच्या पंक्तीत जाऊन बसली.

साहित्य

सहा ते आठ जणांसाठी साधारण पुढील साहित्य लागते:

- ब्री किंवा कॅमेम्बर्टची एक अखंड चकती, २०० ते २५० ग्रॅम
- पफ पेस्ट्रीची लाटलेली पोळी, सुमारे २५० ग्रॅम
- क्रॅनबेरी, रासबेरी किंवा स्ट्रॉबेरीचा जॅम, २ मोठे चमचे
- पट्ट्यांवर लावण्यासाठी फेटलेले एक अंडे, किंवा त्याऐवजी दूध अथवा साय
- डोळ्यांसाठी काळ्या ऑलिव्हच्या दोन चकत्या

पफ पेस्ट्री म्हणजे मैद्याच्या कणकेत लोणी किंवा अन्य घट्ट स्निग्ध पदार्थ घालून, वारंवार घड्या घालत लाटलेले पीठ. महाराष्ट्रातील बेकऱ्यांमध्ये मिळणारी खारी आणि पॅटिस याच जातीच्या पिठापासून बनतात. भाजताना पिठातील पाण्याची वाफ होते, स्निग्ध पदार्थामुळे वेगळे राहिलेले पदर ती वर उचलते आणि पीठ फुलते. लोणी आधीच वितळले तर पदर एकमेकांना चिकटतात. त्यामुळे हे पीठ ओव्हनमध्ये जाईपर्यंत थंड ठेवावे लागते.

कृती

चीजची चकती २० ते ३० मिनिटे फ्रीझरमध्ये ठेवून कडक करावी. तिचे पांढरे कवच काढू नये व त्यावर सुरीने चिरा पाडू नयेत. ओव्हन २०० अंश सेल्सिअसला तापत ठेवावा.

पेस्ट्रीच्या पोळीतून चकतीपेक्षा थोडा मोठा गोल कापून तो बेकिंगच्या कागदावर ठेवावा. उरलेल्या पोळीच्या एक ते दीड सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. गोलावर चकती ठेवून तिच्या वरच्या पृष्ठभागावर जॅमचा पातळ थर द्यावा. कडेचा एक सेंटिमीटर भाग मोकळा सोडावा. पट्ट्या वेगवेगळ्या दिशांनी तिरप्या टाकाव्यात, त्यांची टोके खालच्या गोलाला पाण्याचे बोट लावून चिकटवावीत आणि डोळ्यांसाठी एक फट रुंद ठेवावी. पट्ट्या फार सरळ व समांतर टाकल्यास ममीऐवजी टोपलीचा भास होतो.

सर्व पट्ट्यांना अंडे किंवा दूध लावून पदार्थ २० ते २५ मिनिटे, पेस्ट्री फुलून सोनेरी होईपर्यंत भाजावा. बाहेर काढल्यावर तो सुमारे १० मिनिटे तसाच ठेवावा. ताबडतोब कापल्यास चीज पाण्यासारखे वाहते आणि जीभ पोळण्याचा धोकाही असतो. डोळे भाजल्यानंतर बसवावेत. साखरेचे तयार डोळे ओव्हनमध्ये वितळतात. कापताना जॅमचा लाल ओघळ बाहेर येतो आणि अपेक्षित 'भयानक' परिणाम साधतो.

चीज वितळण्यामागील शास्त्र

सर्व चीज सारख्या प्रकारे वितळत नाहीत. चीजचा सांगाडा केसिन या प्रथिनाच्या जाळ्याचा असतो आणि त्यात स्निग्धांश व पाणी अडकलेले असते. उष्णता मिळाल्यावर स्निग्धांश पातळ होतो; जाळ्यातील बंध पुरेसे सैल असतील, तर संपूर्ण चीज वाहू लागते. गरम दुधात आम्ल घालून केलेल्या पनीरमध्ये हे बंध वेगळ्या प्रकारचे व घट्ट असतात. म्हणूनच पनीर तव्यावर तांबूस होते, पण वितळत नाही. ब्रीऐवजी पनीर वापरल्यास हा पदार्थ होत नाही, त्याचे कारण हेच आहे.

ब्रीच्या पृष्ठभागावर पेनिसिलियम कॅमेम्बर्टी ही पांढरी बुरशी वाढते. ती चीजमधील लॅक्टिक आम्ल खाते आणि प्रथिनांचे विघटन करताना अमोनिया निर्माण करते. त्यामुळे पृष्ठभागाजवळील आम्लता कमी होते. हा बदल बाहेरून आत सरकतो आणि चीज कडेकडून मध्याकडे मऊ होत जाते. कोवळ्या ब्रीच्या मध्यभागी खडूसारखा पांढरा, आम्लधर्मी गाभा असतो. तो भाजूनही नीट वितळत नाही. याउलट अतिपक्व ब्रीमध्ये अमोनियाचा उग्र वास असतो आणि गरम केल्यावर तो अधिक जाणवतो. बोटाने दाबल्यावर सर्वत्र सारखीच मऊ लागणारी, पण न ओघळणारी चकती भाजण्यासाठी योग्य असते.

बुरशीचे कवच आतल्या गाभ्यासारखे वितळत नाही, त्यामुळे ते पिशवीप्रमाणे पातळ चीज धरून ठेवते. कवच फाटले असेल, तर पट्ट्यांमधील फटींतून चीज पेस्ट्री शिजण्याआधीच बाहेर येते. चकती आधी थंड करण्यामागेही हाच हेतू असतो. पेस्ट्री फुलून तांबूस होण्यास वीसएक मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात थंड गाभा हळूहळू गरम होतो.

सुरक्षितता

मऊ, बुरशीने मुरवलेल्या चीजमध्ये लिस्टेरिया मोनोसायटोजेनस हा जिवाणू आढळू शकतो. तो फ्रिजच्या तापमानालाही वाढतो. चीज पाश्चरीकृत दुधाचे असले, तरी नंतरच्या टप्प्यांत त्याचा शिरकाव होऊ शकतो. आम्लता कमी आणि ओलावा जास्त असल्याने मऊ चीज त्याच्या वाढीस अनुकूल असते. निरोगी प्रौढ व्यक्तीला या संसर्गाचा त्रास सहसा सौम्य होतो. गर्भवती स्त्रीमध्ये मात्र त्यामुळे गर्भपात, मृतजन्म किंवा नवजात अर्भकाला गंभीर आजार होऊ शकतो. वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी झालेल्या व्यक्तींनाही धोका अधिक असतो.

पुरेशा उष्णतेने हा जिवाणू मरतो. त्यामुळे अशा व्यक्तींनी मऊ चीज मध्यापर्यंत वाफाळते गरम झाल्यावरच खावे, असा आरोग्य यंत्रणांचा सल्ला असतो. अमेरिकेत यासाठी सुमारे ७४ अंश सेल्सिअस ही मर्यादा सांगितली जाते. ममी ब्रीच्या बाबतीत येथे फसगत होण्याचा संभव असतो. पेस्ट्री सोनेरी झाली आणि चीज कडेला वाहू लागले, तरी थंड करून भाजलेल्या चकतीचा मध्यभाग या तापमानाला पोहोचलेला असेलच असे नाही. चीज त्याहून बऱ्याच कमी तापमानाला मऊ होते. म्हणून वाहणारे चीज ही सुरक्षिततेची खूण मानू नये. अन्न तापमापकाची सुई गाभ्यात घालून खात्री करावी.

अमेरिकेच्या नियमांनुसार कच्च्या दुधाचे चीज किमान ६० दिवस मुरवलेले असावे लागते. पारंपरिक ब्री द मो कच्च्या दुधाचे असून त्याआधीच तयार होते. त्यामुळे तेथे विकले जाणारे ब्री पाश्चरीकृत दुधाचे असते. शिजवलेला पदार्थ सामान्य तापमानाला दोन तासांहून अधिक काळ ठेवू नये. काही कृतींमध्ये वरून मध किंवा अक्रोड घालतात. एक वर्षाखालील बालकांना मध देऊ नये आणि सुक्या मेव्याची ॲलर्जी असलेल्या पाहुण्यांना त्याची आधी कल्पना द्यावी.

शाकाहाराचा प्रश्न

दूध साकळवण्यासाठी वापरले जाणारे रेनेट परंपरेने वासराच्या जठरातून मिळवले जाते. ब्री द मोसारख्या पारंपरिक चीजमध्ये असेच रेनेट असल्याने ते शाकाहारी मानले जात नाही. सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले रेनेट हा त्याला पर्याय आहे. जनुकीय बदल केलेल्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेल्या कायमोसिन या विकराला अमेरिकेत १९९० साली मान्यता मिळाली आणि त्याचा वापर झपाट्याने वाढला. भारतात वेष्टनावरील हिरव्या चौकटीतील हिरवे वर्तुळ शाकाहारी पदार्थ दर्शवते. पेस्ट्रीला लावलेले अंडेही या दृष्टीने महत्त्वाचे ठरते, कारण भारतीय नियमांत अंडे असलेला पदार्थ मांसाहारी गणला जातो. अंड्याऐवजी दूध किंवा साय लावल्यास रंग किंचित फिका येतो, पण पदार्थाच्या रचनेत फरक पडत नाही.

अन्य रूपे

याच कल्पनेवर आधारित लहान पदार्थही केले जातात. मलईयुक्त चीज भरलेल्या हॅलापिन्यो मिरचीभोवती पिठाच्या पट्ट्या गुंडाळून भाजलेल्या 'ममी मिरच्या' हे त्याचे एक परिचित उदाहरण आहे. काही ठिकाणी पेस्ट्रीच्या अखंड आवरणावर कोळ्याच्या जाळ्याची किंवा कवटीची आकृती बसवतात. अखंड आवरणामुळे चीज फुटून बाहेर येण्याची शक्यता कमी असते. म्हणून प्रथमच करणाऱ्यांसाठी हा प्रकार अधिक सोपा आहे.

हे सुद्धा पहा

- ब्री
- कॅमेम्बर्ट
- हॅलोवीन
- पनीर
- खारी