फोटोत एकाच जागी ठिपका दिसतोय? हॉट आणि डेड पिक्सेल असे ओळखा

रात्री आकाशाचा फोटो काढला आणि कोपऱ्यात लाल ठिपका दिसला. दुसरीकडे कॅमेरा वळवून फोटो काढला, तरी ठिपका तिथेच! मग तो तारा नाही, सेन्सरवरचा बिघडलेला पिक्सेल असू शकतो. पण घाबरू नका. १२ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर तब्बल १ कोटी २० लाख पिक्सेल असतात. त्यातले दोन-चार बिघडले म्हणून कॅमेरा वाया जात नाही.

प्रकार कोणते?

- हॉट पिक्सेल: प्रकाश नसतानाही यात विद्युतभार साचतो. शटर जास्त वेळ उघडं राहिलं, आयएसओ वाढवला किंवा सेन्सर तापला की तो चमकतो.
- स्टक पिक्सेल: शटर स्पीड कितीही असो, कायम एकाच रंगात पेटलेला.
- डेड पिक्सेल: प्रकाशाला दादच देत नाही, म्हणून कायम काळा.

कसं तपासायचं?

१. फोटो झूम करून बोटाने सरकवा. ठिपका फोटोबरोबर सरकला नाही, तर दोष स्क्रीनचा आहे.

२. लेन्सला कॅप लावा. मोबाइल असेल तर लेन्स काळ्या कापडाने नीट झाका. प्रो मोडमध्ये आयएसओ तोच ठेवून एक फोटो १/६० सेकंदाचा आणि एक १० सेकंदांचा काढा. ठिपका फक्त दुसऱ्यात दिसला तर हॉट, दोन्हीत दिसला तर स्टक.

३. डेड पिक्सेलसाठी पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळा डाग मोठा आणि धूसर असेल, तर ती बहुतेक धूळ आहे. ती साफ करता येते.

उपाय काय?

- कॅमेरा तापला असेल तर बंद करून थंड होऊ द्या.
- लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन सुरू करा. ३० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ शटर बंद ठेवून आणखी एक फोटो घेतो आणि त्यातले ठिपके मूळ फोटोतून वजा करतो. तेवढं थांबावं लागतं.
- ऑलिंपस आणि निकॉन झेड मालिकेच्या अनेक कॅमेऱ्यांच्या मेन्यूत पिक्सेल मॅपिंग असतं, पॅनासॉनिकमध्ये त्यालाच पिक्सेल रिफ्रेश म्हणतात. बिघडलेला पिक्सेल यात दुरुस्त होत नाही. कॅमेरा त्याची जागा लक्षात ठेवतो आणि शेजारच्या पिक्सेलवरून तिथला रंग भरतो.
- मोबाइलमध्ये असा पर्याय सहसा नसतो. तिथे एडिटिंग अ‍ॅपमधलं हीलिंग टूल वापरा.

सेकंडहँड कॅमेरा घेताय? पैसे देण्याआधीच कॅप लावून ही चाचणी करा. नवीन घेतला असेल, तर परत करण्याची मुदत संपायच्या आत.