इमारतींमधील बिनतारी दुव्याचे दोषनिदान

इमारतींमधील बिनतारी दुवा म्हणजे दोन इमारतींतील संगणक जाळी केबलऐवजी रेडिओ लहरींनी जोडणारी व्यवस्था होय. यासाठी दोन्ही छतांवर एकमेकांकडे रोखलेले दिशिक अँटेना बसवतात. मध्ये रस्ता, ओढा किंवा शेत असल्याने केबल टाकणे अवघड असते, अशा शाळा, रुग्णालये व साखर कारखान्यांच्या परिसरात अशा दुव्याचा उपयोग होतो. दुवा मंदावल्यास किंवा तुटल्यास उपकरण बिघडल्याचा समज सहज होतो. परंतु दोष पुष्कळदा केबल, वीजपुरवठा किंवा लहरींचा मार्ग यांत असतो. त्यामुळे उपकरण बदलण्यापूर्वी क्रमवार तपासणी करणे आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

वारणानगर (जि. कोल्हापूर) परिसरातील कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांची ७० गावे संगणकांद्वारे सहकारी समूहाशी जोडण्याचा प्रकल्प १९९८ मध्ये हाती घेण्यात आला. ऊस उत्पादकाला आपल्या उसासंबंधीची माहिती गावातच मिळावी, हा त्याचा एक हेतू होता. पुढे त्यांपैकी सात गावांत संगणकाऐवजी मोबाईलवरील लघुसंदेशांचा प्रयोगही झाला. अशा व्यवस्थेत दुवा बंद पडला की माहितीसाठी शेतकऱ्याला पुन्हा कार्यालयात हेलपाटा घालावा लागतो.

फ्रेनेल क्षेत्र

समोरचा अँटेना डोळ्यांना दिसणे पुरेसे नसते. लहरी दृष्टिरेषेभोवतीच्या लंबगोलाकार भागातून प्रवास करतात. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ऑगस्तँ फ्रेनेल (१७८८–१८२७) यांच्या नावावरून या भागास फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. ५.८ गिगाहर्ट्झच्या १ किलोमीटर लांबीच्या दुव्यात मध्यभागी पहिल्या क्षेत्राची त्रिज्या सुमारे ३.६ मीटर असते. तिचा किमान ६० टक्के, म्हणजे सुमारे २.२ मीटर भाग मोकळा असावा लागतो.

तपासणीचा क्रम

१. स्थाननिश्चिती : एका बाजूच्या संगणकावरून जवळचे उपकरण, पलीकडचे उपकरण व पलीकडचा संगणक यांना क्रमाने 'पिंग' पाठवतात. उत्तर जेथून येणे थांबते, त्या टप्प्याची तपासणी प्रथम करतात.

२. वीज व केबल : अडॅप्टर, केबलची टोके व अर्थिंग पाहतात. उपकरणापर्यंतची इथरनेट केबल १०० मीटरपेक्षा लांब नसावी. केबल इमारतीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ दिल्यास पाणी आत न जाता निथळते.

३. संकेतपातळी : अपेक्षित पातळी गणिताने काढून प्रत्यक्ष पातळीशी ताडून पाहतात. ५.८ गिगाहर्ट्झवर १ किलोमीटर मोकळ्या अंतरात सुमारे १०८ डेसिबल घट होते. अँटेनासह प्रक्षेपित शक्ती ३६ डीबीएम व ग्राहक अँटेनाचे संवर्धन २३ डेसिबल असल्यास सुमारे उणे ४९ डीबीएम पातळी अपेक्षित असते. प्रत्यक्षात ती उणे ७० आढळल्यास अँटेनाची हललेली दिशा, चुकीचे ध्रुवण किंवा मार्गातील अडथळा यांचा शोध घ्यावा लागतो.

४. व्यत्यय : पातळी चांगली असूनही वेग कमी असल्यास शेजारच्या उपकरणांचा गोंगाट संभवतो, अशा वेळी वाहिनी बदलून पाहतात. उपकरणातील अंतराची नोंद प्रत्यक्ष अंतरापेक्षा कमी असल्यास पोचपावती वेळेत येत नाही व तीच माहिती पुनःपुन्हा पाठवली जाते.

सातारा व सांगलीतील परिस्थिती

या दोन जिल्ह्यांत दोषाचा काळ हाच त्याच्या कारणाचा महत्त्वाचा पुरावा ठरू शकतो. महाबळेश्वर, पाटण, शिराळा या पश्चिमेकडील भागांत पाऊस विपुल असतो. तथापि, ५ गिगाहर्ट्झच्या आसपास लहान अंतरात पावसाच्या थेंबांमुळे होणारी घट नगण्य असते. त्यामुळे पावसात दुवा तुटल्यास ओली पाने, जोडणीत शिरलेले पाणी व वीजपुरवठा तपासावा लागतो. पाऊस थांबल्यानंतरही दोष काही तास टिकल्यास जोडणीत पाणी शिरल्याची शक्यता वाढते. ६० गिगाहर्ट्झच्या दुव्यांवर मात्र पावसाचा थेट परिणाम होतो.

कृष्णाकाठच्या बागायती पट्ट्यात उसाची वाढ हेही कारण असू शकते. वरील १ किलोमीटरच्या दुव्याचे अँटेना शेतजमिनीपासून ४ मीटर उंचीवर असल्यास मार्गाच्या मध्यभागी पीक १.८ मीटरहून वाढताच आवश्यक मोकळ्या भागात शिरू लागते. असा दुवा हळूहळू मंदावतो व ऊसतोडणीनंतर पूर्ववत होतो. उपकरण बदलून हा दोष जात नाही. अँटेनाची उंची वाढवावी लागते.

वळवाच्या पावसातील विजांपासून संरक्षणासाठी योग्य अर्थिंग व विद्युत्-आघात रोधक आवश्यक असतात. सांगली शहराने २०१९ व २०२१ मध्ये कृष्णेचे महापूर अनुभवले. पूरप्रवण भागात छतावरील अँटेना सुरक्षित राहिला, तरी तळमजल्यावरील वीजपुरवठा बुडाल्यास दुवा बंद पडतो. म्हणून तो वरच्या मजल्यावर ठेवणे हितावह असते.

नियमन

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये, तर ५ गिगाहर्ट्झमधील विस्तृत पट्टे २०१८ मध्ये परवानामुक्त करण्यात आले. प्रक्षेपण शक्तीची मर्यादा मात्र कायम आहे. मंद दुव्यावर उपाय म्हणून शक्ती मर्यादेपलीकडे वाढवणे नियमबाह्य असून त्यामुळे शेजारच्या दुव्यांनाही व्यत्यय येतो.