कुंपणातून आलेला गुलाब : ‘एडवर्ड’ची कुळकथा

भारतातल्या रोपवाटिकांत आणि फुलशेतीत ‘एडवर्ड’ या नावाने ओळखला जाणारा सुवासिक गुलाबी गुलाब हिंदी महासागरातल्या एका बेटावर, शेताच्या कुंपणात, आपसूक झालेल्या संकरातून निपजला. मादागास्करच्या पूर्वेस असलेले हे ज्वालामुखीचे बेट आज रेयुनियों म्हणून ओळखले जाते. १६४९ साली फ्रेंचांनी राजघराण्यावरून त्याचे नाव ‘ईल बूर्बों’, म्हणजे बूर्बों बेट, असे ठेवले; राज्यक्रांतीत ते बदलले, पुढे पुन्हा प्रचारात आले आणि १८४८ साली कायमचे मागे पडले. मधल्या काळात बेटावर जन्मलेल्या गुलाबाच्या वंशाला मात्र ते चिकटले ते चिकटलेच, आणि गुलाबांच्या वर्गीकरणात ‘बूर्बों गुलाब’ हा स्वतंत्र वर्ग आजही मानला जातो.

या गुलाबाची महती कळण्यासाठी त्याच्या दोन्ही पालकांची ओळख करून घ्यावी लागते, कारण जगाच्या दोन टोकांकडचे दोन गुलाब त्याच्या ठायी एकत्र आले. पहिला पालक दमास्क कुळातला, फ्रेंचांनी ‘कात्र सेझों’ म्हणजे ‘चार ऋतूंचा’ म्हणून गौरवलेला गुलाब. अत्तर, गुलाबपाणी आणि गुलकंद यांसाठी पश्चिम आशियापासून राजस्थानापर्यंत लावला जाणारा दमास्क गुलाब तीन रानटी जातींच्या मिश्रणातून झाला असल्याचे जनुकीय अभ्यासाने २००० साली दाखवून दिले; त्यांतली एक जात मध्य आशियातली असून, वसंतातल्या बहरानंतर शरदातही थोडीफार फुले देण्याचा ‘चार ऋतूं’चा गुण तिच्याकडून आला असावा, असा तर्क केला जातो. दुसरा पालक चिनी गुलाब. चीनमधल्या बागांत शतकानुशतके जोपासलेल्या या झुडपाला सुगंध बेताचाच, पाकळ्याही मोजक्या. पण त्याची प्रत्येक नवी फूट टोकाला कळी घेऊनच थांबते, आणि उबदार हवेत ते जवळजवळ बारमाही फुलते. फुलोरा रोखून धरणाऱ्या एका जनुकात आगंतुक तुकडा घुसून ते निकामी झाल्यामुळे चिनी गुलाबाला हा गुण लाभला, हे अलीकडच्या संशोधनातून स्पष्ट झाले आहे. युरोपातल्या बहुतेक जुन्या गुलाबांचा बहर वर्षाकाठी एकच, तोही काही आठवड्यांचा, हे ध्यानात घेतले म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीस तिकडे पोचलेल्या या चिनी झुडपाने बागाइतदारांना का वेड लावले, ते उमगते.

बूर्बों बेटावर हे दोन्ही गुलाब शोभेसाठी कमी आणि वईसाठी अधिक लावले जात. शेताच्या हद्दीवर एक ओळ ‘चार ऋतूं’ची आणि एक ओळ चिनी गुलाबाची, अशी दुहेरी काटेरी कुंपणे घालण्याची तिथे रीत होती, असे इंग्लंडमधल्या टॉमस रिव्हर्स या गुलाबतज्ज्ञाने १८३७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात नोंदवले आहे. हजारो मैलांच्या अंतराने वाढलेली दोन कुळे अशी हाताच्या अंतरावर, एकाच वेळी फुललेली राहिली, आणि मधमाश्यांनी पुढचे काम केले. बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या सँ-बन्वा या गावी राहणारे एदुआर पेरिशों कुंपणासाठी रोपे लावत असताना, त्यांतल्या एका रोपाची फूट आणि पाने बाकीच्यांहून वेगळी असल्याचे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी ते रोप कुंपणात न घालता आपल्या बागेत लावले. पुढच्या वर्षी ते फुलले, आणि फुलावरून ही नवीच जात असल्याची खात्री पटली. गुलाबाच्या इतिहासात संकरकारांची नावे ठळक अक्षरांत येतात, परंतु या प्रकरणात खरे श्रेय, शेकडो सारख्या रोपांत एक निराळे रोप ओळखून ते उपटून न टाकणाऱ्या नजरेचे आहे, आणि ‘रोझ एदुआर’ या मूळ नावाने ते योग्य माणसाला दिले आहे.

१८१७ साली फ्रेंच सरकारच्या वतीने निकोला ब्रेओं हे वनस्पतिशास्त्रज्ञ बेटावरच्या सरकारी बागेची व्यवस्था पाहण्यासाठी आले, आणि त्यांनी या झाडाची भरपूर रोपे तयार करून त्याचे बी फ्रान्सला धाडले. पॅरिसजवळ न्युयी येथे ऑर्लेआँच्या ड्यूकच्या बागेत प्रमुख माळी असलेल्या आंत्वान झाक यांच्या हाती ते पडले. हे बी १८१९ साली पोचले असे काही लेखक सांगतात, तर रिव्हर्स १८२२ हे साल देतात. गुलाबांची चित्रे काढण्यात ज्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, त्या रदुते यांनी १८१७ ते १८२४ या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या चित्रसंग्रहात बूर्बों बेटाच्या गुलाबाला स्थान दिले, यावरून हा पाहुणा पॅरिसमध्ये किती लवकर मान्यता पावला ते दिसते.

या कथेला एक फाटा कलकत्त्याचाही आहे. बूर्बों बेटावर शोध लागण्याच्या आधीच असाच गुलाब कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात होता आणि तिथून तो बेटांकडे गेला, असा दावा काही अभ्यासकांनी केला आहे. १७८७ साली रॉबर्ट किड यांनी स्थापन केलेले ते उद्यान पूर्वेकडच्या झाडांचे मोठे ठाणे होते, आणि चीनहून निघालेली जहाजे कलकत्त्याला थांबून पुढे जात असल्यामुळे फ्रेंच लोक चिनी गुलाबालाच ‘बंगाली गुलाब’ म्हणत. दमास्क गुलाब तर भारतात पूर्वीपासून होता. तेव्हा दोन्ही पालक हाताशी असलेल्या कलकत्त्यातही असा संकर होणे अशक्य नव्हते. परंतु कुंपण, गाव आणि माणूस यांचा असा सलग वृत्तान्त फक्त बूर्बोंच्या बाबतीत मिळतो, म्हणून तोच अधिक विश्वसनीय मानणे युक्त ठरते.

युरोपातला पुढचा विस्तार झपाट्याने झाला. ‘सुव्हनीर द ला माल्मेझों’ (१८४३), ‘लुईज ओदिए’ (१८५१), ‘झेफिरीन द्रुएँ’ (१८६८), ‘मादाम इझाक पेरेर’ (१८८१) ही या वंशातली नामवंत फुले असून, बूर्बोंच्या रक्तातूनच पुढे शोभेचे पुनर्बहारी गुलाब आणि त्यांच्यामार्फत आजचे हायब्रिड टी गुलाब निपजले.

भारतात एदुआरचा एडवर्ड झाला आणि त्याच्या वाट्याला दोन कामे आली. पहिले फुलशेतीचे. उत्तर भारतात गुलाबपाण्यासाठी आणि तमिळनाडूत सुट्या फुलांसाठी त्याची लागवड होते. दमास्कच्या तुलनेत त्यातून तेल कमी निघते, परंतु दमास्कचा हंगाम वसंतातल्या मोजक्या आठवड्यांत आटोपतो, तर एडवर्ड वर्षभर थोडी थोडी फुले देत राहतो. दुसरे काम अधिक मोलाचे, तरी डोळ्यांआड राहणारे: खुंटाचे. ज्या झाडाच्या मुळांवर दुसऱ्या जातीचा डोळा भरतात, त्या आधारझाडाला खुंट म्हणतात. एडवर्डच्या काडीला मुळे सहज फुटतात आणि ते झाड उष्णता सोसते, म्हणून अनेक रोपवाटिकांत याच खुंटावर बड्या नावांचे गुलाब बांधले जातात. हिवाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाड झालेल्या खुंटाच्या सालीवर धारदार चाकूने इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी चीर घेतात, साल हलकेच उकलून हव्या त्या जातीचा ढालीच्या आकाराचा डोळा आत सरकवतात आणि डोळा तेवढा उघडा ठेवून प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. डोळा हिरवा राहून फुगला म्हणजे वरचा खुंट छाटतात. कलमाच्या सांध्याखालून येणारी फूट वरच्या जातीचे अन्न खाते, म्हणून ती काढण्याचा सल्ला योग्यच आहे. मात्र बागेत एखादी फूट मुद्दाम राखली, तर ती वाटीच्या आकाराची, लालसर गुलाबी, दमास्कच्या वासाची फुले देते आणि आपले कूळ स्वतःच सांगते.

किनाऱ्यालगतच्या लहान परसात हा गुलाब कसा राहतो, हा प्रश्न त्याच्या जन्मस्थानाशी जोडलेला आहे, कारण सँ-बन्वा हेही भरपूर पावसाचे, समुद्राकाठचे गाव आहे. उबदार, दमट हवा त्याला परकी नाही, पण म्हणून कोकणातल्या अंगणात तो निर्धास्त वाढतो असे समजणे चुकीचे ठरेल. बूर्बों वंशाचे उणे म्हणजे पानांवरचे काळे ठिपके. या बुरशीला रुजण्यासाठी पान सलग सात-आठ तास ओले राहावे लागते, आणि कोकणातल्या पावसाळ्यात ते दिवसेंदिवस ओले असते. झाडांत मोकळे अंतर, सकाळचे ऊन, गळलेली पाने वेचून टाकणे आणि पाणी बुंध्याशी, तेही सकाळीच देणे, या साध्या गोष्टी औषधांच्या फवाऱ्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत. खारा वारा आणि मचूळ विहिरीचे पाणी यांनी पानांच्या कडा करपतात; म्हणून समुद्राच्या बाजूला जास्वंदीसारखे चिवट झुडूप आडोशाला असावे आणि पाणी गोडे मिळेल असे पाहावे. वाळूच्या जमिनीत शेणखत आणि लाल माती सढळ हाताने घालावी, जांभ्याच्या कातळावर मात्र वाफे उंच करून पाणी निचरून जाईल असे करावे.

एडवर्डला कलमाची गरज नसते. तो स्वतःच्या मुळांवर वाढतो, आणि म्हणून बियाण्यावाचून घरोघरी पसरू शकतो. फुलून गेलेल्या फांदीची पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची, वीतभर लांब काडी घेऊन खालचा छेद डोळ्याच्या जरा खाली तिरका आणि वरचा सरळ द्यावा. पावसाळ्याच्या सुरुवातीला दोन-तृतीयांश काडी मातीत खोचून ती सावलीत ठेवावी. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात, वाळकी नि रोगट लाकडे काढून चार-पाच सशक्त फांद्या बाहेरच्या डोळ्यावर छाटल्या की हिवाळ्याचा बहर भरून येतो. दमास्ककडून आलेला सुगंध उडून जाणाऱ्या द्रव्यांचा असतो आणि ऊन चढले की तो झपाट्याने विरतो. गुलकंदासाठी फुले घ्यायची असली, तर ती ऊन चढण्याआधी, दव सुकताच, पूर्ण उमलण्याच्या बेतात असताना खुडावीत आणि पाकळ्या त्याच सकाळी साखरेत घालाव्यात.