ओट्याखालच्या ट्रॉल्या : फुटाचा दर ऐकून इसार देऊ नका, आधी फूट कोणता ते विचारा

पाचोड : मोसंबीचे किंवा कापसाचे पैसे हाती आले की घराची अडलेली कामं निघतात. स्लॅब होतो, फरशी होते, रंग होतो आणि शेवटी नंबर लागतो स्वयंपाकघराचा. ओट्याखाली ट्रॉल्या, वर कपाटं, माळ्याला शटर. पैठण तालुक्यातल्या पाचोड, विहामांडवा, आडूल भागात नव्या घरांत हे काम आता सर्रास होतं. काम करणारे दोन प्रकारचे. एक गावातला किंवा शेजारगावचा सुतार, दुसरा छत्रपती संभाजीनगर, जालन्याकडचा मॉड्युलर किचनवाला. दोघांचे दर ऐकले तर जमीन-अस्मानाचा फरक वाटतो. बऱ्याचदा हा फरक दराचा नसतोच, मापाचा असतो.

मोसंबीची बाग उक्ती द्यायची की टनावर, याचा हिशेब इथल्या शेतकऱ्याला शिकवावा लागत नाही. ट्रॉल्यांच्या सौद्यात मात्र तोच माणूस "फुटाला किती?" एवढंच विचारतो आणि तिथंच फसतो. कारण या धंद्यात फूट तीन प्रकारचा आहे.

ओट्याखालचा एकच खण धरा. रुंदी 2 फूट, उंची अडीच फूट, खोली 2 फूट. रनिंग फुटाने मोजणाऱ्याच्या लेखी हा खण 2 फुटांचा. समोरून दिसणाऱ्या चौरस फुटाने मोजणाऱ्याच्या लेखी तो 5 फुटांचा. आणि लागलेला सगळा प्लाय मोजणारा सुतार दोन बाजूंचे 10, तळाचे 4, पाठीचे 5 आणि शटरचे 5 धरून 24 चौरस फूट लावतो. खण तोच, फूट 2, 5 की 24. त्यामुळे उदाहरणादाखल एकाने रनिंग फुटाला 3,000 रुपये सांगितले आणि दुसऱ्याने समोरच्या चौरस फुटाला 1,300, तर दुसरा स्वस्त वाटतो. पण 1,300 ला अडीचने गुणा, 3,250 होतात. महाग दुसराच आहे.

एल आकाराच्या ओट्यात आणखी एक गोम आहे. भिंतीला टेप लावून एक बाजू 10 फूट आणि दुसरी 6 फूट भरली, की बिलात 16 फूट लागतात. ओटा 2 फूट रुंद असेल तर कोपऱ्याचे ते 2 फूट दोन्ही बाजूंत मोजले गेले. खरं काम 14 फुटांचं. वरच्याच 3,000 च्या दराने हे 6,000 रुपये झाले. कोपऱ्यात फिरती ट्रॉली बसवणार असेल तर तिची वेगळी किंमत लावणं रास्त आहे, पण मग ती वेगळ्या ओळीत लिहून द्यावी. गॅसची शेगडी आणि सिंक यांच्या खालचे खण कसे धरले, तेही विचारावं. तिथं आत ट्रॉली नसते, नुसतं शटर असतं, तरी दर पुरा लागतो.

यावर उपाय साधा आहे. तीन ठिकाणचे दर घेताना प्रत्येकाला एकाच कागदावरची मापं द्यायची आणि दर न विचारता सगळ्या कामाची एकूण रक्कम विचारायची. त्यात वाहतूक, चढ-उतार, फिटिंग, हँडल, सिंकचं छिद्र, जीएसटी सगळं आलं का, ते लिहून घ्यायचं. संभाजीनगर इथून 50 किलोमीटरच्या आसपास आहे. शहरातला माणूस दुरुस्तीला आला तर येण्या-जाण्याचे पैसे वेगळे घेणार का, हा प्रश्न आधीच विचारलेला बरा. नंतर एका चॅनेलसाठी महिनाभर फोन करावे लागतात.

मालात काय बघायचं

भावातला खरा फरक प्लायमध्ये असतो. दुकानात "मरीन आहे, पाण्याला काही होत नाही" असं सांगितलं जातं. मरीन प्लायचं भारतीय मानक आयएस 710 आहे, साध्या प्लायचं आयएस 303. साध्यातही पाण्याला टिकणारा बीडब्ल्यूआर आणि नुसत्या दमटपणापुरता एमआर असे दोन दर्जे येतात. शीटवर नुसतं "710" छापलेलं असणं पुरेसं नाही. आयएसआयचं चिन्ह आणि त्याखाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. तो क्रमांक मोबाइलमधल्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की कंपनी कोणती आणि परवाना चालू आहे का, ते जागेवर दिसतं. मरीन प्लायच्या चाचणीत तुकडा 72 तास उकळत्या पाण्यात ठेवतात. घरी एवढं करायची गरज नाही, पण उरलेला तुकडा चार-पाच तास उकळून पाहिला आणि थर सुटले, तर तो मरीन नव्हता हे नक्की.

सगळीकडे मरीनच लावायचा हट्टही नको. सिंकखाली आणि माठाजवळ तो लावा, बाकी ठिकाणी बीडब्ल्यूआर चालतो. पार्टिकल बोर्ड मात्र सिंकजवळ घेऊ नये, एकदा पाणी मुरलं की तो फुगतो आणि स्क्रू धरत नाही. वाळवीचा त्रास असलेल्या घरात जुनीच रीत बरी पडते. गवंड्याकडून कडप्प्याचे कप्पे बांधून घ्यायचे आणि त्याला ॲल्युमिनियमची किंवा पीव्हीसीची शटरं लावायची. दिसायला तेवढं चकचकीत नाही, पण खर्च कमी आणि उंदीर-वाळवीची चिंता नाही. फक्त कप्पे काटकोनात हवेत. ट्रॉलीसाठी माप घेताना वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी रुंदी मोजून सर्वांत कमी भरेल ती धरावी, नाहीतर ट्रॉली अडकते आणि मिस्त्री गवंड्याला, गवंडी मिस्त्रीला दोष देत बसतात.

स्टीलच्या जाळीबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय. चुंबक चिकटलं नाही म्हणजे 304 स्टील, असं सांगितलं जातं. 202 ग्रेडच्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही, आणि ते 304 पेक्षा स्वस्त असतं, ओलाव्यात लवकर गंजतं. म्हणून ग्रेड बिलावर लिहून घ्यावी. दोन दुकानांतली एकाच मापाची ट्रॉली वजनकाट्यावर ठेवली, तर तार जाड कोणाची हेही कळतं.

कॅटलॉगमधली बाटल्यांची अरुंद ट्रॉली बघायला छान असते. पण गावाकडच्या घरात काथवट, मोठी परात, पाच-दहा किलोचे डबे असतात. इसार देण्याआधी घरातली सर्वांत मोठी परात मोजावी आणि ट्रॉलीची आतली रुंदी तिच्याशी ताडून पाहावी. हे काम घरातल्या बाईनेच करायचं, तिला विचारल्याशिवाय ट्रॉल्या ठरवू नयेत. डब्यांची ट्रॉली जड भरते, तिला चॅनेल किती किलोचं लावणार ते विचारावं. गॅसची टाकी शटरआड ठेवणार असाल तर त्या शटरला खाली, जमिनीलगत हवेची फट हवी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर खालीच साचतो.

सुतार मजुरीवर घेतला आणि माल आपण आणला तर पैसे वाचतात, हे खरं आहे, पण अट आहे. सुताराने सांगितलेल्या दुकानातून प्लाय, सनमायका, बिजागऱ्या घेतल्या तर काही ठिकाणी त्याचं कमिशन भावातच धरलेलं असतं. मालाची यादी सुताराकडून घ्यावी, भाव दोन दुकानांत आपण विचारावा आणि बिल आपल्या नावाने करावं. प्लायचं शीट 8 बाय 4 फूट, म्हणजे 32 चौरस फुटांचं असतं. किती शीट आणली आणि किती उरली, याची वहीत नोंद ठेवावी.

"बिल नको असेल तर कमी करतो"

लाकडी फर्निचरवर 18 टक्के जीएसटी लागतो. 1 लाखाच्या कामावर 18,000 रुपये. त्यामुळे बिनबिलाचा मोह होतो. पण ज्याच्याकडे जीएसटी नोंदणीच नाही, त्याला हा कर लावताच येत नाही, आणि कंपोझिशन योजनेतल्या दुकानदारालाही तो गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही. कर मागितला तर 15 अंकी-अक्षरी क्रमांक विचारावा. महाराष्ट्रातला क्रमांक 27 ने सुरू होतो आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तो कोणालाही तपासता येतो.

इसार 10-20 टक्क्यांवर नेऊ नये. पुढचा हप्ता माल घरी उतरल्यावर, त्यावरचे छाप तपासून. शेवटचे 10-15 टक्के सगळ्या ट्रॉल्या भरून पंधरा दिवस वापरल्यावर. "अर्धे आधी द्या" म्हणणारा असतोच. त्याला मालाच्या दुकानाचे पैसे थेट देतो म्हणावं. पैसे रोख न देता खात्यावर किंवा यूपीआयने द्यावेत, म्हणजे तारीख आणि रक्कम आपोआप नोंदली जाते.

काम बिघडलं किंवा इसार घेऊन माणूस फिरकलाच नाही, तर आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तिथं मिटलं नाही तर छत्रपती संभाजीनगर इथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथं राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, दुकान जालन्याचं असो की पुण्याचं. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत 2 वर्षांची. बिल नसेल तर तक्रार होतच नाही असं नाही, पण मग मापाचा सही केलेला कागद, यूपीआयच्या नोंदी, व्हॉट्सॲपवरचे निरोप आणि बिघडलेल्या कामाचे फोटो यांवरच सगळं उभं करावं लागतं. फोन बदलण्याआधी ते दुसरीकडे उतरवून ठेवावेत.