डंकर्क : पराजयाचे आख्यान

२६ मे ते ४ जून १९४० या दिवसांत फ्रान्सच्या डंकर्क किनाऱ्यावर जर्मन सैन्याने कोंडलेले ३,३८,२२६ सैनिक समुद्रमार्गे इंग्लंडला पोहोचले. तोफा आणि वाहने मागेच राहिली. लष्करी दृष्टीने हा पराभवच होता. माघारीने युद्धे जिंकली जात नाहीत, असा इशारा चर्चिल यांनी ४ जूनलाच कॉमन्स सभागृहात दिला होता. असे असूनही ब्रिटिश मनात डंकर्क विजयासारखे रुजले. हे कसे घडले?

त्याचे एक उत्तर वाङ्मयीन आहे. ५ जून रोजी कादंबरीकार जे. बी. प्रीस्टली यांनी बीबीसीवरून भाषण केले. त्यात त्यांनी युद्धनौकांऐवजी सहलींच्या छोट्या आगबोटींना नायकत्व दिले. समुद्रकिनारी सुट्टी घालवणाऱ्या सामान्य माणसाला हे युद्ध एकदम आपले वाटू लागले. खचलेल्या समाजाला त्या घडीला अशा आख्यानाची गरज होती, हे नाकारता येणार नाही.

मात्र आकडे वेगळी कथा सांगतात. उथळ वाळूच्या किनाऱ्यावरून ९८,७८० सैनिक उचलले गेले, बंदरातून २,३९,४४६. म्हणजे बहुसंख्य सैनिक बंदराच्या लाटारोधक बांधावरच्या अरुंद वाटेने चालत जाऊन मोठ्या जहाजांवर चढले. छोट्या होड्यांचे मोल यामुळे कमी होत नाही. उथळ पाण्यातून माणसे मोठ्या जहाजांपर्यंत नेणे त्यांच्याविना कठीण होते. परंतु भाग संपूर्णाची जागा घेतो तेव्हा काय वगळले जाते, हे पाहणे आवश्यक ठरते.

वगळले गेले ते फ्रेंच सैनिक. सुटका झालेल्यांत एक लाखाहून अधिक फ्रेंच होते, आणि अखेरपर्यंत पिछाडी सांभाळणारे त्यांचे हजारो सहकारी ४ जूनला कैद झाले. वगळले गेले ते हिंदी सैन्याच्या खेचरदलातील जवानही. बहुतांशी पंजाबी मुसलमान असलेली ही माणसे डिसेंबर १९३९ मध्ये मार्सेयला उतरली होती. त्यांच्यापैकी काही डंकर्कहून निघाली, एक तुकडी शत्रूच्या हाती पडली. खेचरे तर मागेच सोडावी लागली.

राष्ट्रीय आख्यान खोटेच असते असे नाही. ते निवड करते. साहित्याच्या अभ्यासकाने प्रीस्टलींच्या शब्दांचे सामर्थ्य मान्य करावे, आणि त्या आगबोटींत कोणाला जागा मिळाली नाही, हेही विचारावे.